फटाके सुरू होण्याआधी

दादर, मुंबई
वसुबारस

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

यंदा 'दचकायचं नाही' असं मनाशी ठरवू नकोस. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. आवाज कसला हे कळायच्या आत खांदे वर गेलेले असतात. आपल्या हातात असतं ते त्यानंतरचं: धडधड दोन मिनिटांत ओसरते की तासभर टिकते.

आधी कान. फोमचे इअरप्लग आण. बहुतेक लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि म्हणतात, उपयोग नाही. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक कर, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढ, प्लग आत सरकव आणि फुगेपर्यंत ३० सेकंद दाबून धर. नीट बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनवर पैसे घालू नकोस. ते एसीची सलग घरघर कापतात, सुतळी बॉम्बचा अचानक धमाका नाही. मात्र प्लग दिवसभर घालायचे नाहीत. कान शांततेला सोकावले की कुकरची शिट्टीही सोसत नाही.

घरात स्लायडिंग खिडकीच्या फटींतून आवाज शिरतो. तिथे ब्रशपट्टी, म्हणजे फट बुजवणारी केसाळ पट्टी, लाव. जाड पडद्याने फारसा फरक पडत नाही. रात्री पंखा मोठा ठेव. अगदी शांत खोलीत पडलेला आवाज जास्त दचकवतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ आहे, पण नरक चतुर्दशीला पहाटेच माळा लागतात हे धरून चाल. मॅच जिंकल्यावर आणि ३१ डिसेंबरला मध्यरात्रीही तेच. त्या दिवसांत झोप पुरी घे, संध्याकाळचा चहा टाळ.

धमाका झालाच तर पाय जमिनीवर टेकव आणि मोठ्याने म्हण, "सुतळी बॉम्ब, मागच्या गल्लीत." मग चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच-सहा वेळा. जोर श्वास सोडण्यावर हवा. दर आवाजाला बाथरूममध्ये पळू नकोस रे. पळून सुटका झाली की भीती आणखी पक्की होते. रेकॉर्ड केलेले आवाज हळूहळू वाढवत ऐकायचा सराव खरंच उपयोगी आहे, पण तो दिवाळीनंतर, समुपदेशकाबरोबर. अगदीच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

वहिनींना सांगून ठेव: तू दचकलास तर मागून हात लावायचा नाही, समोर येऊन नावाने बोलायचं. आणि मजल्यावरच्या मुलांना सांग, माळ लावण्याआधी एक हाक द्या. आवाज येणार हे माहीत असलं की दचका बराच कमी बसतो.

तुझा,
प्रकाश