दसऱ्याच्या आत पाड्यांवरचे कागद पूर्ण करायचे आहेत, मदत हवी

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याला पावरा-बारेला कुटुंबांचे पाडे आहेत. कुणी पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कुणी मध्य प्रदेशातल्या बडवानी-खरगोनकडून आलेलं. केळीच्या बागेत, कापूस वेचणीला, ऊसतोडीला हीच माणसं राबतात. पण कुणाकडे जन्मदाखला नाही, कुणाच्या सुनेचं नाव रेशनकार्डात नाही. दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघाले की होळीपर्यंत पाडा रिकामा. म्हणून पाडा समित्यांनी दसऱ्याच्या आत प्रत्येक पाड्यावर कागदांची बैठक घ्यायचं ठरवलं आहे.

बैठकीत फॉर्म भरण्याआधी नावांचा तक्ता होतो. घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारवर, रेशनकार्डावर, शाळेत आणि मतदारयादीत कसं छापलंय ते एका कागदावर शेजारी शेजारी लिहायचं. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे घाईची दुरुस्ती पुढची वाट बंद करते. अनेकांची तारीख १ जानेवारी आहे, कारण नोंदणीवेळी फक्त वय सांगितलं होतं. जन्माचा पक्का पुरावा हातात येईपर्यंत तिला हात लावू नये.

जन्माची नोंद जिथे बाळंतपण झालं तिथेच होते, हे सगळ्यांत जास्त चुकतं. गुजरातेत बारडोलीकडे उसाच्या पडावावर (मुक्कामाच्या जागी) जन्मलेल्या बाळाची नोंद इथली ग्रामपंचायत करू शकत नाही. २१ दिवसांत तिथेच कळवलं तर पैसा लागत नाही. वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याआधी नोंद नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि चौकशी. अशा वेळी लसीकरणाचं कार्ड आणि अंगणवाडीची नोंद कामी येते, ती जपा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच दाखवावा लागेल.

जातीच्या दाखल्याचं काम सर्वांत नाजूक. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘पावरा’ आहे, ‘बारेला’ नाही. मध्य प्रदेशच्या यादीत ‘बारेला’ आहे. मास्तरांनी दाखल करताना बोलीतलं नाव लिहिलं आणि आजोबांच्या कागदावर दुसरं असलं, की पडताळणीत प्रकरण अडकतं. ६ सप्टेंबर १९५० ला कुटुंब कुठे राहत होतं, यावर सगळं ठरतं. ते तेव्हा मध्य प्रदेशात असेल तर पुरावा तिकडूनच आणावा लागतो, आणि बडवानी जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाल्यामुळे जुनी नोंद बऱ्याचदा खरगोनला शोधावी लागते. खोटं जन्मगाव आम्ही लिहीत नाही, कुणी लिहूही नये. दाखला रद्द झाला तर नोकरीही जाते आणि गुन्हाही दाखल होतो.

रेशन परराज्यातही उचलता येतं, पण ई-केवायसी, म्हणजे मशीनवर आधारने ओळख पटवणं, झालेलं हवं. कोयत्याने झिजलेली बोटं मशीनवर उमटत नाहीत, तेव्हा डोळ्यांचं स्कॅन मागायचं. आधारला जोडलेलं सिम बंद पडू द्यायचं नाही, नाहीतर ओटीपी येत नाही आणि काम तिथेच थांबतं.

आता मदतीचं. दर पाड्याला तीन माणसं हवीत: सुवाच्य लिहिणारं एक, पावरी बोलणारं एक, आणि एक बाई, कारण बाळंतपण कुठे झालं हे बायका पुरुषांसमोर मोकळेपणाने सांगत नाहीत. निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आले तर कामाला बळ येईल. वस्तूंत ए-फोर कागद, बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर, चेनची प्लास्टिक पाकिटं आणि झाकणाच्या पत्र्याच्या पेट्या. कुडाच्या घरात कागद पावसाने भिजतात, उरलेले उंदीर खातात, म्हणून प्रत्येक घराला एक पेटी द्यायची आहे. रोख रक्कम फक्त खरगोन आणि बारडोलीच्या एसटी भाड्याला आणि नकलांच्या फीला लागेल. एजंटला एक रुपयाही दिला जाणार नाही. जात, उत्पन्न आणि रहिवासाच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. कुणी पाचशेचा आणायला सांगितला तर समितीला कळवा.

रक्कम पावती घेऊनच द्या. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. मूळ कागद कुणाकडूनही ठेवून घेतले जाणार नाहीत, झेरॉक्स काढून तिथेच परत मिळतील. वस्तू आठवडे बाजाराच्या दिवशी पाडा समितीच्या माणसांकडे द्याव्यात. ज्यांना लिहायला यायचं आहे त्यांनी आपला मोकळा वार आधी कळवावा, म्हणजे त्या दिवशी पाड्यावरची माणसं मजुरीला न जाता घरी थांबतील.

— पाडा समित्या, चोपडा, यावल व रावेर तालुका