मामा, त्या दिवशी मला रडू दिलंत त्याबद्दल

सिक्युरिटीच्या मामांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. एजन्सीनं तुमची ड्युटी शिरोली एमआयडीसीत लावली हे गेटवरच्या नव्या पोराकडनं कळलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय की या माणसाला मला बरंच काही सांगायचं होतं. तुमच्याकडं बटणाचा फोन आहे, पण नातू दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो असं तुम्हीच सांगायचा, तर तो कधीतरी हे वाचून दाखवील म्हणून लिहितेय. आणि उघड लिहितेय कारण रडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं हे आपल्याकडं फार कमी जणांना जमतं. तुम्हाला जमलं. ते बाकीच्यांनी पण वाचावं असं मला मनापासून वाटतंय.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मी कोल्हापुरात एका प्रायव्हेट हॉस्पिटलात आयपीडी बिलिंगला, म्हणजे ॲडमिट असलेल्या पेशंटची बिलं करायला आहे. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं एसीत बसून कॉम्प्युटर बडवायचा, काय त्यात. खरं काम असं की डॉक्टर सकाळच्या राऊंडला येऊन 'आज सोडतो' म्हणून जातात, घरचे लगेच पिशव्या भरून काउंटरला येऊन उभे राहतात, आणि पेशंट कॅशलेसचा, म्हणजे बिल थेट विमा कंपनी भरणार असा असला की आमची फाईल टीपीएकडं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडं जाते, तिकडनं क्वेरी येते, डिस्चार्ज समरीवर हे लिहून आणा, तो रिपोर्ट जोडा, परत पाठवा, परत थांबा. 2024 च्या मे महिन्यात आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं सर्क्युलर काढलंय की डिस्चार्जची फायनल मंजुरी विमा कंपनीनं 3 तासांच्या आत द्यायची आणि त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलनं त्यापायी जादा पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. चांगला नियम आहे, लोकांनी माहिती करून घ्यावा. पण आठवडाभर दवाखान्याच्या बाकड्यावर झोपलेल्या माणसाला ते 3 तास पण काढवत नाहीत, आणि त्याला टीपीए दिसत नाही, विमा कंपनी दिसत नाही, काचेपलीकडं बसलेली मी दिसते.

त्या दिवशी असंच होतं. पेशंट पॅरालिसिसचा, साठीच्या आसपासचा, उजवी बाजू गेलेली, आणि त्याचा पोरगा सकाळपासून फेऱ्या मारत होता. त्याचा राग मला कळत होता, आजही मला त्याच्यावर राग नाही. दुपारी तिसरी क्वेरी आली आणि मी ती सांगितली तशी त्यानं काउंटरवर हात आपटला आणि मोठ्यानं म्हणाला, "तुमच्या घरात कोण असं पडलं असतं तर कळलं असतं तुम्हाला." मागं लाईन होती, आमचे सिनियर केबिनच्या दारात उभे होते, ते पण सगळ्यांसमोर मलाच बोलायला लागले की एवढं साधं काम होत नाही का तुमच्याकडनं. आणि माझ्या घरात माझे पप्पा पडलेले होते. उजवीच बाजू. सकाळी त्यांना पाजलेला चहा गालावरनं ओघळून गळ्यापर्यंत आला होता तो पुसून मी ड्युटीला आले होते. हे ऑफिसात कुणालाच माहिती नव्हतं आणि मला सांगायचं पण नव्हतं. मी कीबोर्डकडं बघत बसले आणि घसा असा दाटला की 'सर, पाच मिनिटं' एवढं पण तोंडातनं निघंना.

तेवढ्यात तुम्ही आलात. गेट सोडून आत, काउंटरपर्यंत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मॅडम, खाली स्टोअरला तुमची सही पायजेल म्हणाल्यात, लगेच चला."

स्टोअरला माझी कसलीच सही लागत नाही. आमच्या सिनियरना पण ते माहिती होतं, पण तुमचा आवाज असा होता की कोण काय बोललं नाही. मी उठले आणि मान खाली घालून तुमच्या मागनं चालत गेले, आणि लाईनमधल्या एका पण माणसाला कळलं नाही की ही पोरगी रडायला चाललीय. याचे आभार मला पहिल्यांदा मानायचेत. तुम्ही मला तिथनं उठायला कारण दिलंत. रडू आवरत बसलेल्या माणसाला उठून जाताच येत नाही, उठलं की सगळे बघतात, आणि 'काय झालं' म्हटलं की संपलंच.

रॅम्पच्या खालची जनरेटरशेजारची तुमची ती खोली मला अजून दिसते. खिळ्याला रेनकोट, रजिस्टर, डबा, तांब्या, डिझेलचा वास. लाल प्लास्टिकची खुर्ची होती ती तुम्ही उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवलीत आणि म्हणालात, "बस बाळ." बास, एवढंच. दार अर्धं ओढून घेतलंत, बाहेर पाठ करून उभे राहिलात. मला तुमच्या शर्टाची पाठ आणि बेल्ट दिसत होता. मधी हाऊसकीपिंगवाली बाई आली तिला 'मागनं ये' म्हणालात, लिफ्टचा माणूस आला त्याला परत लावलंत, आणि एकदा आत वळून सुद्धा बघितलं नाहीत. मी किती वेळ रडले मला माहिती नाही. आवाज करून रडले. पप्पांना झटका आल्यापासनं मी पहिल्यांदा आवाज करून रडले, कारण घरी आई असते आणि तिच्यासमोर रडायचं नाही असं मी आणि भावानं ठरवून टाकलं होतं.

मग तुम्ही तांब्या आत दिलात. "गटागट नको, घोट घोट प्या, घसा सुटतोय." आणि खरंच सुटला. हे मी नंतर रात्री वाचत बसले होते की असं का होतं. रडू येतं तेव्हा शरीराला जास्त हवा पाहिजे असते म्हणून घशातली श्वासाची वाट उघडी राहायला बघते, आणि गिळायचं म्हटलं की तीच वाट बंद व्हावी लागते, त्या ओढाताणीत आवंढा आल्यासारखं वाटतं. थोडं थोडं गिळत राहिलं की तो ताण उतरतो. नाक का वाहतं ते पण तिथंच कळलं, डोळ्याच्या कोपऱ्यातनं एक बारीक नळी नाकात उतरते आणि थोडं पाणी तिकडनं जातं. तुम्ही यातलं काय वाचलं नसणार. तुम्हाला ठाऊक होतं, एवढंच.

निघताना म्हणालात, "डोळं चोळू नका, लाल हुत्यात. नुस्तं पाणी मारा आणि गेटवर माझ्यासंगं वाऱ्याला उभी ऱ्हावा." मी उभी राहिले. तुम्ही गाड्या लावून घेत होता, ॲम्ब्युलन्सला वाट करून देत होता. काय झालं, कोण बोललं, घरी काय आहे, काही विचारलं नाहीत. मी वर गेले तेव्हा फायनल अप्रूव्हल येऊन पडलं होतं.

मला याच्यावर बोलायचंय. आपल्या कोल्हापूरची माणसं प्रेमळ आहेत, रस्त्यात कुणी रडताना दिसलं की चार जण थांबतात, 'काय झालं गं पोरी', 'कुठली तू', 'कोण काय बोललं काय सांग, बघतोच त्याला', आणि पाणी येतं, चहा येतो, रिक्षावाला पैसे न घेता घरी सोडतो. हे सगळं खरं आहे आणि मला याचा अभिमान पण आहे. पण रडणाऱ्याला त्या वेळी उत्तरं द्यायची ताकद नसते हो. त्याला आधी हकीकत सांगावी लागते, मग समोरच्याचं समाधान होईपर्यंत 'आता बरं वाटतंय' म्हणावं लागतं, म्हणजे रडायचं पण त्यानंच आणि सांभाळायचं पण त्यानंच. ऑफिसात तर त्याहून वाईट. रडलं की एक तर नाटक करते म्हणतात नाहीतर झेपत नाही म्हणतात, म्हणून पोरी बाथरूममध्ये नळ सोडून रडतात. आमच्याकडं मी कितीतरी जणींना बाथरूममधनं लाल नाक घेऊन येताना बघितलंय आणि प्रत्येक जण 'सर्दी झालीय' म्हणते.

आणि पुरुषांचं काय होत असेल मला कळत नाही. विल्यम फ्रे म्हणून अमेरिकेतले एक संशोधक होते, त्यांनी 1980 च्या दशकात लोकांना रडण्याची नोंद ठेवायला लावली होती, त्यात बायकांचं प्रमाण महिन्याला सरासरी 5 वेळा आणि पुरुषांचं साधारण 1 वेळा असं निघालं. पण पुरुषांना रडूच येत नाही असं कोण म्हणत असेल तर त्यानं शाहू स्टेडियमवर पेठेची फुटबॉल टीम फायनल हरल्यावर गॅलरीत बघावं. चांगली दाढीमिशीवाली माणसं हुंदके देतात, शेजारचा खांद्यावर हात टाकून गप बसतो, आणि कुणी म्हणत नाही की काय बायकांसारखं रडतोस. तिथं चालतं. मग बापाच्या आजारपणात का चालू नये, नोकरी गेल्यावर का चालू नये.

तुम्ही हे कुठं शिकलात ते एकदा चहा पिताना तुमच्याच तोंडनं निघालं. फौजेत असताना वडील वारल्याची तार तुम्हाला उशिरा मिळाली, घरी पोचणं शक्यच नव्हतं, आणि तुमच्या हवालदारानं काही न बोलता त्या रात्री तुम्हाला एकदम टोकाच्या पोस्टवर पहाऱ्याला लावलं आणि स्वतः अलीकडं थांबला, कुणाला तिकडं जाऊ दिलं नाही. मग 2019 च्या ऑगस्टातल्या महापुराचं सांगितलंत, शिरोळ तालुक्यातलं तुमचं गाव पाण्यात, तुम्ही शाळेत मुक्कामाला, आणि दावणीची जनावरं गेलेली माणसं वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीला डोकं लावून रडायची. मी तेव्हा कॉलेजला होते, हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, आणि आम्ही मैत्रिणी घरोघरी फिरून चपात्या गोळा करत होतो, ती माणसं मी पण बघितली होती. तुम्ही म्हणालात, "त्यांच्यापाशी जाऊन शानपणा सांगणारं लई हुतं. मी नुस्ता बाजूला बसायचो. रडणाऱ्याला राखण लागती, दुसरं काय लागत न्हाई." राखण. मी ते ऐकून गप बसले होते, काय बोलायचं सुचलं नव्हतं.

तेव्हापासनं मला रडणारी माणसं दिसायला लागलीत मामा. म्हणजे आधी पण असणारच. दवाखान्याचा जिना, दुसऱ्या मजल्यावरचा तो वळणाचा कट्टा. मेडिकलच्या बाजूची मोटारसायकल पार्किंग, तिथं माणसं हेल्मेट न काढता रडतात. केएमटीच्या बसमध्ये खिडकीची सीट. रंकाळ्यावर संध्याकाळी पाण्याकडं तोंड करून बसलेली, भेळवाल्याला हातानंच नको म्हणणारी माणसं. आणि अंबाबाईचं देऊळ, तिथं मात्र कुणी रडलं तर लाईनीतल्या बायका जरा सरकून जागा देतात, विचारत नाहीत. देवळात जे आपल्याला जमतं ते बाहेर महाद्वार रोडला आल्या आल्या का विसरतं काय माहिती.

मी आता काय करते ते पण सांगते, कारण हे तुमच्यामुळं चालू झालंय. माझ्या काउंटरच्या कडेला, फाईलींच्या रॅकमागं, एक खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवलीय. कुणाचा आवाज फुटायला लागला की मी म्हणते, "तुमची एक सही राहिलीय, जरा इकडं आत येऊन बसता का." मग मी माझं बिल काढत बसते, पाण्याची बाटली ठेवते, आणि त्यांच्याकडं बघत नाही. परवा एक आजोबा बसले होते, गुजरीत सराफाकडं पाटल्या मोडून पैसे आणले होते त्यांनी, ती पावती हातातच होती. रडून झालं तसं स्वतःच उठले, म्हणाले, "कुठं करायची सही?" मी डिस्चार्जच्या कागदावर खरीच एक घेतली. नवीन लागलेल्या पोरीला पण हे शिकवलंय.

आणि सिनियरना मी घरचं सांगितलं. रडत नाही, नीट बसून. शिफ्ट सकाळची करून मिळाली. 14416 ला पण फोन केला, टेली-मानस म्हणून सरकारची सोय आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. तुमच्या शिरोलीच्या कंपनीत कुणाला लागला तर द्या तो नंबर, दोन-तीन पोरं रात्रपाळीला असतील की.

पप्पा आता काठी घेऊन हॉलपर्यंत येतात. बोलणं अजून अडखळतंय, पण चहाचा कप डाव्या हातानं स्वतः धरतात. त्यांना तुमचं सगळं सांगितलंय. आईनं तर ठरवूनच टाकलंय की तुम्हाला आणि मामींना जेवायला बोलवायचं, तांबडा-पांढरा करणार म्हणते, गुरुवार सोडून कधीही या. बिलिंगच्या लँडलाईनवर फोन करा, नंबर गेटवर त्या पोराकडं आहे, मीच उचलते सकाळी.

मनापासून आभार मामा.

तुमची,
बिलिंगवाली मॅडम