इतवारीतल्या साइनबोर्डवाल्या काकांचे जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

आमच्या माशांच्या टाकीवरचं धुरकट झालेलं लाइटचं कव्हर तुम्ही वाचवलंत, म्हणून हे पत्र. त्या दिवशी दुकानात अक्षरं कापायचं मशीन घरघरत होतं, गिऱ्हाइकं खोळंबली होती, धड आभारही मानता आले नाहीत.

जिथून टाकी घेतली तिथे मला सांगितलं होतं, कव्हर सुटं मिळत नाही, लाइटसकट अख्खं झाकण नवीन घ्या. तुम्ही मात्र ते उजेडात धरलंत आणि म्हणालात, "काऊन फेकून राहिली बाई? अ‍ॅक्रिलिक हाय हे." मग बोट ओलं करून धुरकट जागेवरून फिरवलंत. ओलं झालं तेवढंच आरपार दिसायला लागलं, आणि सुकलं तसं पुन्हा पांढुरकं. म्हणजे दुखणं वरवरचं, बारीक ओरखड्यांचं. ओरखड्यांत पाणी भरलं की उजेड विखुरत नाही. थिनर किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लागून प्लास्टिकला आतून तडे गेले असते, तर तुम्ही हात लावणार नव्हतात, हेही तोंडावर सांगितलंत. असं स्पष्ट सांगणारे दुकानदार हल्ली कमीच.

कडेला जमलेली खडबडीत खपली वेगळी, तो आमच्या बोअरच्या पाण्याचा खार. कूलरच्या जाळीवर बसतो तोच. "आधी खार काढ, मग घासायचा पेपर मार. नाही तर खाराचे कणच नवे ओरखडे पाडतील," हे तुमचं वाक्य मी शेजारणीलाही ऐकवलं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडकं भिजवलं, कडेवर ठेवलं. बारीक बुडबुडे आले, खपली मऊ पडली आणि बोटानेच निघाली. तारेची घासणी जवळही आणली नाही.

मग तुम्ही दिलेले वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरचे तुकडे: आधी १००० नंबर, मग १५००, शेवटी सगळ्यात बारीक २०००. भरपूर पाणी, हलका हात. एक नंबर उभा, पुढचा आडवा, म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. १००० नंतर कव्हर आधीपेक्षाही पांढरं झालं, आणि तुम्ही बजावून ठेवलं नसतं तर मी तिथेच थांबले असते. शेवटी जुन्या बनियनच्या कापडाने रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची पेस्ट, तीही हातानेच. मशीनने प्लास्टिक तापून ओढलं जातं म्हणालात. नंतर वाहत्या पाण्याखाली खळखळून धुतलं, कारण कंपाउंड टाकीत उतरलं तर मासे भोगतील.

चांगलं अ‍ॅक्रिलिक सुमारे ९२ टक्के उजेड पुढे जाऊ देतं. आमचं तेवढं झालं असेल असा दावा नाही, एका कोपऱ्यात खोल चरा आहेच. पण टाकीतली झाडं आता तळापर्यंत हिरवी दिसतात आणि मोली माशांचे काळे ठिपके लांबून ओळखू येतात.

खार पुन्हा बसू नये म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याच्या जागी आता आरओचंच पाणी भरते. वाफ होऊन पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. बोअरचं ओतत गेलं की ते वाढतच जातात. हवेचे बुडबुडे सोडणारा दगडही कव्हरखालून बाजूला सरकवला, शिंतोडे कमी झाले.

कंपाउंडची डबी माझ्याकडेच राहिली आहे. रविवारी दुकान अर्धा दिवस उघडं असतं ना? घेऊन येते. शेजारीणही तिचं कव्हर घेऊन येणार आहे. तिचं पिवळं पडलंय, तेव्हा बोट ओलं करून आधीच बघून ठेवा बाप्पा.

तुमची,
मनीषनगरची माशांच्या टाकीवाली