पापडाला सुरमईचा वास

मा. संपादक, स.न.वि.वि.

सुट्टीच्या पुरवणीत मालवणच्या हॉटेलांवर तुम्ही जे पान छापता ते आमच्या भिशी ग्रुपवर दरवेळी फिरतं, म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. आम्ही ठाण्याच्या बाराजणी, त्यातल्या चार पक्क्या शाकाहारी, त्या चारातली एक जैन. मागच्या ट्रिपला हॉटेल शोधायचं काम माझ्याकडे होतं, मी स्वतः मासे खाणारी, त्यामुळे स्टार बघितले, फोटो बघितले, फोनवर "व्हेज मिळेल ना?" विचारलं, "मिळेल की ताई" म्हणाले, झालं काम.

त्यात तो दिवस निघाला सोमवार. मासे खाणाऱ्यांतल्या तिघी सोमवार पाळतात हे माझ्या डोक्यातच नाही, म्हणजे शाकाहारी चार नाही, सात! आमच्या पाचजणींपुढे सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, आणि सातजणींपुढे फ्लॉवर-बटाटा, पिवळी डाळ, चपाती. जैन मैत्रिणीला बटाटा चालत नाही आणि डाळीला लसणाची फोडणी, तिने दही-भात मागवला. वर तळलेला पापड आला, तिने तोंडाजवळ नेला आणि तसाच ताटात ठेवला. मी वास घेऊन बघितला, चक्क सुरमई! पोराला विचारलं तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "पापडात मासा नाय ओ, तेल फक्त तेच आहे." बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, कढईवर कुठे असतो? बिलाचे मात्र सरळ बारा भाग केले, तेही मीच, आणि दही-भातवालीने पण सुरमईचे पैसे भरले, आता आठवलं की लाज वाटते.

मला राग फ्लॉवर-बटाट्याचा जास्त येतो हो. ज्या कोकणात काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, उन्हाळ्यात ओल्या काजूची उसळ घरोघरी होते तिथे व्हेज थाळी म्हणजे फ्लॉवर नाहीतर पनीर का? पनीर खायला आम्ही रात्रभर ट्रेनमध्ये बसून कशाला येऊ?

यंदा परत गेलो तेव्हा आधी ग्रुपवर विचारून घेतलं कोण काय खातं, कोणाचा कुठला वार, आणि मग फोनवर व्हेज आहे का हे विचारलंच नाही, व्हेजमध्ये काय करता आणि तळणाची कढई वेगळी आहे का एवढंच विचारलं. दोघांनी "पनीर आहे ना" म्हणून फोन ठेवला. तिसरीकडे, एका घरगुती खानावळीत, काकूंनी उलट मलाच विचारलं, "किती जणी? आदल्या दिवशी सांगा हां, वाटाणे भिजत घालूक लागतत." तिथेच ठरवलं. वडे वेगळ्या तेलात तळले, जैन मैत्रिणीसाठी कांदा-लसणाशिवाय वेगळं वाटण केलं, आणि गंमत म्हणजे सांबारं आम्ही मासेवाल्यांनीच जास्त संपवलं, काकूंना दुसरं पातेलं आणायला लागलं.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी हॉटेलांचं पान छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी टाका, शाकाहारीत स्थानिक काय मिळतं आणि तळणीचं तेल वेगळं आहे का. जानेवारीत आम्ही परत निघतोय, यावेळी अलिबागला, आणि हॉटेल शोधायचं काम परत माझ्याच गळ्यात आहे.

– एक वाचक, ठाणे