‘हे आपल्यासाठी नाही’ असं सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार वि. वि.

हे पत्र तुमच्या ओसाकाच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण तुम्ही देवनागरीत उतरवून दिलेली शिंगोनच्या, म्हणजे जपानमधल्या गुह्य बौद्ध पंथाच्या, नित्यपाठाची वही आता बऱ्याच मराठी घरांत पोचली आहे. तिच्यासोबत तुम्ही तोंडी सांगितलेल्या गोष्टी मात्र सगळीकडे पोचलेल्या नाहीत. म्हणून आभार मानता मानता त्या इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या नकाराबद्दल. शिंगोनमध्ये मुद्रा, मंत्र आणि ध्यान म्हणजे काया, वाचा, चित्त या तिन्ही गुह्यांची साधना असते, हे कळलं की नवखा माणूस सगळ्यात आधी मुद्रांची चित्रं शोधायला लागतो. तुम्ही तिथेच थांबवलंत. अठरा अंगांचं जुहाचिदो, मग वज्रधातू आणि गर्भधातू या दोन मंडलांची साधना आणि शेवटी गोमा, म्हणजे होम, हे चार टप्पे दीक्षित भिक्षूंचे. ते पुरे करून देन्पो कान्जो हा अभिषेक घेतल्यावरच माणूस आचार्य होतो. गृहस्थानं पुस्तकातून यातलं काही उचलायचं नाही. 813 मध्ये साइचोसारख्या तेंदाइ पंथाच्या संस्थापकानं एका गुह्य भाष्याची पोथी मागितली, तेव्हा शिंगोनचे संस्थापक कूकाइ यांनी ती दिली नाही. ही विद्या गुरूकडून प्रत्यक्षच घ्यायची, हा त्यांचा आग्रह होता. साइचोला जे मिळालं नाही ते आपल्याला फोनवर मिळेल असं कसं वाटतं, हा तुमचा प्रश्न अजून कानात आहे.

नकार देऊन तुम्ही मोकळ्या झाला नाहीत. जे गृहस्थाचं आहे ते नीट हातात दिलंत. वहीतला क्रम कोयासान या शिंगोनच्या डोंगरावरच्या मुख्य पीठाच्या रीतीचा: आधी हात जोडून वंदन, मग क्षमायाचनेची गाथा, त्रिशरण, दहा कुशल शीलं, बोधिचित्ताचा मंत्र ‘ओन् बोजि शित्ता बोदाहादायामि’, समयाचा, म्हणजे व्रतबंधाचा, मंत्र ‘ओन् सान्माया सातोबान्’, मग ग्रंथारंभाची गाथा, प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, तेरा बुद्धांचे मंत्र, कोम्यो शिंगोन, ‘नामु दाइशी हेन्जो कोंगो’ हे कूकाइंना वंदन आणि शेवटी पुण्यानुमोदन. आमच्यातले बरेच जण त्रिशरण-पंचशील म्हणतच लहानाचे मोठे झाले. कोयासान विद्यापीठाच्या आवारात 2015 पासून बाबासाहेबांचा पुतळा उभा आहे, त्यामुळे तिथे जाणं त्यांना परकं वाटत नाही. पण इथे शीलं पाच नसून दहा. त्यातली चार एकट्या वाणीची: खोटं, पोकळ बडबड, कठोर बोलणं, चहाडी. पाठ घाईत उरकायचा झाला तर तेरा बुद्ध गाळा, पण शीलं गाळू नका, हा तुमचा निवाडा आम्ही पाळतो.

उच्चारांचा घोळ आम्हा मराठी लोकांनीच घातला असता. कोम्यो शिंगोनमधलं ‘ओन् आबोक्या बेइरोशानो’ ऐकलं की आपोआप ‘ॐ अमोघ वैरोचन’ तोंडात येतं, आणि जपान्यांचं चुकतंय असा गंडही चढतो. तुम्ही वाद न घालता हिशेब मांडलात. हा पाठ मात्रांच्या ठेक्यावर चालतो. ‘वैरोचन’ची अक्षरं चार, पण ‘बेइरोशानोउ’च्या मात्रा सहा. मंदिरात संस्कृत म्हणणारा दर आवर्तनात पुढे पळतो आणि शेजारच्या चार जणांना घसरवतो. म्हणून मंदिरात जपानी; घरी हवं ते, फक्त एका बैठकीत दोन्हींची सरमिसळ नको. हृदयसूत्रालाही तेच. 262 चिनी अक्षरं, एका अक्षराला एक ठोका, आणि सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. एकाचा श्वास तुटतो तेव्हा दुसऱ्याचा आवाज चालू राहिला पाहिजे, नाहीतर पाठाला खिंडारं पडतात.

जुझुबद्दल, म्हणजे जपमाळेबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण नवी माळ घेणारे इथेच गोंधळतात. शिंगोनच्या माळेत मुख्य मणी 108, समोरासमोर दोन मेरुमणी, आणि त्यांच्यापासून सातव्या आणि एकविसाव्या मण्यानंतर बारके मणी. ते शोभेचे नाहीत. कोम्यो शिंगोन सात किंवा एकवीस वेळा म्हणताना डोळे न उघडता बोटाला कळावं म्हणून ते आहेत. मेरूशी पोचलं की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून परत यायचं. हे आपल्याकडच्या जपासारखंच. वंदनाच्या वेळी माळ दोन्ही हातांच्या मधल्या बोटांवर अडकवून तळव्यांत धरायची आणि हलकी घासायची. जोरात घासली की दोरा झिजतो. एरवी ती डाव्या मनगटावर. जमिनीवर कधीच नाही.

देव्हाऱ्याची मांडणी तुम्ही एका ओळीत सांगितली होती: मधे दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध, आपल्या उजव्या हाताला कोबो दाइशी म्हणजे कूकाइ, डाव्या हाताला फुदो म्योओ म्हणजे अचलनाथ. उदबत्त्या तीन. ज्योत फुंकून नाही, हातानं वारा घालून विझवायची, हे आपल्याला नव्यानं शिकावं लागत नाही. मात्र शिकिमीबद्दलची ताकीद प्रत्येक घरात पोचायला हवी. देवापुढे ठेवतात त्या सदाहरित फांदीचं फळ हुबेहूब चक्रीफुलासारखं दिसतं आणि ते विषारी आहे. मसाल्याच्या डब्याजवळ ते येता कामा नये. लहान मूल घरात असेल तर फळं आधीच खुडून टाकावीत.

आता आजिकान. पुस्तकांत हे ध्यान चार ओळींत संपतं: कमळावर चंद्रबिंब, बिंबात सिद्धम् लिपीतला ‘अ’. देवनागरी वाचणाऱ्याला तो ‘अ’ नात्यातला वाटतो, आणि म्हणूनच तो अक्षराकडे घाईनं धावतो. तुम्ही आम्हाला अक्षरापासून बरेच दिवस लांब ठेवलंत. आधी श्वास मोजणं, मग प्रत्येक उच्छ्वासाबरोबर लांब ‘अ’ सोडणं, मग नुसतं चंद्रबिंब, आणि त्यानंतर अक्षर. बैठकीखाली जाड उशी अशी की दोन्ही गुडघे जमिनीला टेकतील. गुडघा अधांतरी राहिला की कंबर वाकते आणि झोप येते. डाव्या तळव्यावर उजवा तळवा, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. झेनमध्ये हात याच्या उलट असतात, तेव्हा झेनच्या वर्गातून आलेल्यांनी इकडे लक्ष द्यावं. चित्र साधारण एक मीटरवर, बिंब नजरेच्या पातळीला. डोळे अर्धे उघडे.

अर्धे उघडे, पण टक लावलेले नव्हेत. पांढऱ्या बिंबाकडे पापणी न लववता पाहत राहिलं की नजर हलताच भिंतीवर काळं वर्तुळ तरंगायला लागतं. थकलेल्या डोळ्याला तसं दिसतंच, पण दरवेळी कुणीतरी त्याला अनुभूती समजतं आणि दुसऱ्या दिवशी आणखी टक लावतं. बिंब एकदा पाहायचं, डोळे मिटत आणायचे, छातीत आठवायचं. पुसट झालं तर परत पाहायचं. पापण्या लवत राहू द्यायच्या.

दुसरी अडचण विस्ताराची. चंद्र हळूहळू वाढवत खोलीएवढा, गावाएवढा, आकाशाएवढा करायचा हे सगळ्यांना आवडतं. परत आकसून हातभर करायचं आणि छातीत आणायचं हे कंटाळवाणं वाटतं. मधेच घंटा वाजली म्हणून उठणाऱ्याला दिवसभर डोकं जड वाटतं, लक्ष कशात लागत नाही. तुमचा नियम असा की वाढवायला जेवढा वेळ दिला तेवढाच आकसायला ठेवायचा, आणि वेळ कमी असेल तर वाढवायचंच नाही. उठण्याआधी डोक्यापासून पायांपर्यंत तळव्यांनी अंग चोळायचं, हेही त्यातच आलं. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली.

केचिएन कान्जोच्या, म्हणजे नातं जोडणाऱ्या अभिषेकाच्या, बाबतीत तुम्ही आम्हाला नेमकी माहिती दिलीत आणि अपेक्षाही वेळीच कमी केल्यात. कोयासानच्या कोन्दो मंदिरात 3 ते 5 मे गर्भधातूचा, 1 ते 3 ऑक्टोबर वज्रधातूचा. गृहस्थाला दोन्ही खुले. डोळे बांधतात, दोन्ही हातांची मधली बोटं सरळ उभी करून त्यांच्यात शिकिमीचं पान धरायचं, ‘ओन् सान्माया सातोबान्’ म्हणत पुढे जायचं आणि मंडलावर पान सोडायचं. चीनमध्ये गुरू हुइगुओंकडे दोन्ही अभिषेक घेताना कूकाइचं फूल दोन्ही वेळा दाइनिचीवरच पडलं होतं, अशी परंपरा. मग मस्तकावर पाणी. या अभिषेकानं नातं जुळतं, शिकवायचा किंवा विधी करायचा अधिकार मिळत नाही. आणि हो, कोयासान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे; ऑक्टोबरच्या सकाळी गार लाकडी जमिनीवर बराच वेळ बसावं लागतं, तेव्हा जाड पायमोजे घालूनच निघावं.

गणपतीचं मात्र लिहायलाच हवं. आपल्या माणसाला जपानमधला कांगितेन म्हणजे गणेश हे कळलं की तो मूर्ती घ्यायला निघतो. तिथे त्याची मूर्ती बहुधा झाकलेली असते, तेलस्नानाची पूजा आचार्यानंच करायची, आणि गृहस्थानं ती घरी मांडू नये असा जुना दंडक आहे. नारा प्रांतात इकोमाच्या होझान-जी मंदिरात जाऊन हात जोडा, टोकियोत आसाकुसाच्या मात्सुचियामा मंदिरात पांढरा मुळा वाहा, आणि घरात आपला नेहमीचा बाप्पा असू द्या, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की कुणाला वाईटही वाटलं नाही.

एक काम उरलं आहे. वहीची मोठ्या टायपातली प्रत तयार होते आहे, ज्येष्ठांनी मागितली म्हणून. तेरा बुद्धांच्या मंत्रांत श्वास कुठे तोडायचा याच्या खुणा तुमच्या मूळ प्रतीत पेन्सिलनं होत्या आणि झेरॉक्सवर त्या उमटलेल्या नाहीत. फुदोचा मंत्र सगळ्यात लांब, लोक ‘सेंदा’नंतर अडखळतात. तेवढ्या खुणा शाईनं करून पान पाठवाल का? छपाई तोवर थांबवली आहे.

आपले स्नेहांकित,
तुमच्या वहीवरून पाठ करणारे आम्ही सगळे