आशाताई, मिठाच्या पुड्याचा हिशोब जमला बघा

आशाताई, नमस्कार. असं सगळ्यांसमोर लिहिलं म्हणून तुम्ही रागवाल, पण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं कामच आहे ते आमचं" म्हणत रजिस्टर उघडता आणि विषय संपवता, मग काय करणार. आपल्या गल्लीच्या आशा सेविका एवढंच सांगते, तुमचं नाव टाकत नाही, गल्लीतल्यांना कळेलच.

पप्पांचं बीपी तुम्हीच पकडलं. तीसच्या पुढच्या सगळ्यांचे फॉर्म भरत होता तुम्ही, कंबरेचं माप घ्यायला टेप काढला तर पप्पा म्हणे शर्ट शिवताय का. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, काही नाही, आणि आरोग्य केंद्रात मशीनवर 168/102. डॉक्टरांनी एका रीडिंगवर न थांबता परत बोलावून तपासलं, तेव्हा पण 140/90 च्या वरच, मग गोळी सुरू झाली.

मीठ कमी करा हे तर पप्पांना सगळेच सांगत होते, कारखान्यातले दोस्तसुद्धा, ते पण फरसाण खात खात. तुम्ही मात्र त्यांना काहीच न बोलता सरळ किचनमध्ये मम्मीकडं गेलात आणि विचारलंत, मिठाचा किलोचा पुडा किती दिवस जातो? मम्मी म्हणाली, महिनापण पुरत नाही. मग तुम्ही ओट्यावरच हिशोब मांडला, एका माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ पाहिजे म्हणजे एक छोटा चमचा, आपण घरात चौघं, दिवसाचे 20 ग्रॅम, म्हणजे पुडा 50 दिवस गेला पाहिजे, आणि लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, बाहेरचं फरसाण यातलं मीठ तर या पुड्यात मोजलेलंच नाही! मम्मी गपच झाली. एवढ्या वर्षांत मीठ कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं हो.

आता सोलापुरात राहून शेंगा चटणी बंद करा म्हटलं असतं तर पप्पांनी तुम्हाला परत दारात उभं केलं नसतं. तुम्ही म्हणालात चटणी खा, पण घरी कुटा, मीठ निम्मं घाला आणि लसूण, जिरं वाढवा. भाकरीत आमच्याकडं मीठ नसतंच, ते बरंच झालं. पहिले काही दिवस "ही काय चटणी हाय का" झालं, ताट सरकवणं झालं, मम्मीने लक्षच दिलं नाही, आता बाहेरची चटणी त्यांनाच खारट लागते. शेजारच्या काकूंनी बीपीवाल्यांचं वेगळं मीठ आणा म्हणून सांगितलं तेव्हा पण तुम्हीच अडवलंत, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असला किंवा काही ठराविक गोळ्या चालू असल्या तर ते धोक्याचं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बीपी मोजायची तुमची पद्धत तर आता घरात कायदाच झालाय. आल्या आल्या नाही, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, दंडावर बाही नको, हात छातीच्या उंचीला, आणि बोलायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेला माणूस, त्यांना गप्प बसवणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. मिनिटभराने दुसरं रीडिंग, दोन्ही वहीत.

मधे बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळी सोडली होती, तुम्ही आवाज न चढवता एवढंच म्हणालात, "दादा, बरं वाटतंय ते गोळीमुळंच की." आणि मेडिकलमधून गुडघ्यासाठी आणायचे त्या पेनकिलरची पट्टी बघितली तेव्हा ती डॉक्टरांना दाखवायला लावलीत, अशा गोळ्यांनी पण बीपी वाढतं हे आम्हाला कुठं माहीत.

चालण्यावरून तर भांडणच. "मागावर दिवसभर उभाच असतो की मी." उभं राहणं वेगळं, चालणं वेगळं, आठवड्यातनं पाच दिवस अर्धा तास जरा भरभर. मेमध्ये इथलं ऊन माहीतच आहे, म्हणून पहाटेच सिद्धेश्वरच्या दर्शनाला चालत जातात, तलावाला वळसा घालून येतात. दर्शन म्हटलं की त्यांना व्यायाम वाटत नाही, ही आयडिया पण तुमचीच, मानलं तुम्हाला. तंबाखू अजून पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला सांगू, पण पुडी आता खिशात नसते, मागून घ्यावी लागते आणि मागायची लाज वाटते म्हणे.

सध्या वहीत 130 च्या आसपास आकडे आहेत, गोळी चालू आहेच. तुम्ही मात्र त्याच उन्हात पिशवी घेऊन दारोदार फिरता, जरा सावली बघून थांबत जा ताई, आमच्याकडं माठ भरलेला असतो.

आणि हो, मम्मीचं बीपी अजून तपासायचं राहिलंय, मशीन बघितलं की तिला नेमकं दूध उतू चाललंय असं आठवतं. या वेळी आलात की आधी तिलाच धरा, पप्पा दार लावून घेतो म्हणालेत.