सूज आणि मालिश: ओंकारला पत्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रूममेट शेजारी असला की फोनवर तू नुसता "हो, हो" करतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

छातीतली वाढलेली ग्रंथी काढायचं (गायनेकोमास्टियाचं) तुझं ऑपरेशन झालं, आणि आता निपलखाली टणक लागतंय म्हणजे गाठ परत आली, असं तू धरून बसला आहेस. तसं नाही रे. ग्रंथी काढताना सर्जन निपलखाली तिचा पातळ थर मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथे खड्डा पडतो. शिवाय आतली रिकामी जागा भरून येताना कडक होते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तर हा टणकपणा वाढल्यासारखाच वाटतो. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, उरलेली जायला तीन ते सहा महिने लागतात, कधी जास्तही. दोन्ही बाजू बरोबरीने उतरतील असंही नाही. तेव्हा रोज आरशासमोर फोटो काढणं थांबव.

आता मालिश. मी फिजिओथेरपिस्ट असले तरी तुझी जखम मी इथे वर्ध्यात बसून बघू शकत नाही. सुरुवात कधी करायची ते धंतोलीच्या तुझ्या डॉक्टरांनीच सांगायचं. खपली असेल, टाका ओला असेल तर हात लावायचा नाही. त्यांनी हो म्हटलं की साधं मॉइश्चरायझर घे, बोटं सपाट ठेव आणि छोटे गोल फिरव. नुसती वरची कातडी घासायची नाही, खालचा कडक भाग हलला पाहिजे. दाब जाणवावा, कळ येऊ नये. एका वेळी पाच मिनिटं पुरे. तुझा जिमवाला मित्र म्हणतो तसं गोळा चुरडून "फोडायचा" नसतो. त्याने सूज वाढते. आजीचं तिळाचं तेलही सध्या राहू दे. ती रागावली तर माझं नाव सांग.

कॉम्प्रेशन जॅकेट, म्हणजे छाती दाबून धरणारं ते घट्ट जॅकेट, मात्र डॉक्टर सांगतील तितके आठवडे घालायचंच. नागपूरच्या मे महिन्यात ते नको होतं, हे कळतं मला. बर्डीवरून आतून घालायला पातळ सुती बनियन आण, जॅकेटही दोन ठेव, नाहीतर घामोळ्या येतील. सावजी थोडे दिवस बंद. मिठाने अंगात पाणी साठतं. तर्री-पोह्यांचं काय ते तूच ठरव, मला विचारू नकोस. फुटाळ्यावर संध्याकाळी चाललास तर बरंच आहे, पण डंबेल डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही.

एक गोष्ट नीट वाच. एकच बाजू अचानक फुगली, ताणली, ठणकायला लागली, लाल झाली किंवा ताप आला, तर मालिश करत बसायचं नाही. आत रक्त साठलेलं असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो. कातडीखाली पाणी डुचमळल्यासारखं वाटलं तरी डॉक्टरांना दाखव. ते बऱ्याचदा सुईने काढावं लागतं, चोळून जात नाही. रात्र आहे, कशाला उठवायचं, असा विचार करू नकोस. ऑटो कर, दवाखान्यात जा, मग मला फोन कर.

तुझी,
आई